हैदरजींचे झाड

आमच्या रामबागेतल्या घराच्या मागील अंगणात एक झुडूप आहे. त्याचे खरे नाव हायड्रेंजिया; परंतु आमच्या घरात त्याला त्या नावाने कोणी ओळखल्याचे मला आठवत नाही. 1991 च्या मे महिन्यात आमची साताऱ्याची आत्या महाबळेश्वर पाहून माहेरपणासाठी इंदूरला आली, ती ओल्या पंचात गुंडाळलेल्या चार हिरव्या काड्या आणि एक उमललेला गेंद घेऊनच. आईने झाडाचे नाव विचारले. तिकडच्या माळ्याने सांगितलेले नाव आत्याने दोनदा मनात घोळवले आणि ठामपणे सांगून टाकले, "हैदरजी." घर पडले गवयाचे. कोणी खाँसाहेब असतील आणि त्यांच्या नावाने हे झाड ओळखले जात असेल, अशी आईने आपली समजूत करून घेतली. तेव्हापासून ते हैदरजींचे झाड झाले, ते आजतागायत.

त्या गेंदाचा रंग मात्र विसरण्यासारखा नव्हता. कोबीच्या लहान गड्ड्याएवढा चिमुकल्या फुलांचा तो गोळा. आणि त्याचा निळा रंग असा, की पावसाळा सरताना धुऊन निघालेल्या आभाळाचाच तो असावा. शेजारच्या काकू मुद्दाम पाहायला आल्या. त्यांनी तीन प्रश्न विचारले: देवाला चालते का? वास आहे का? वेणीत बसेल का? तिन्हींचे उत्तर 'नाही' असे आले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग याचे करायचे काय?" ओसरीवर बसलेले माझे वडील म्हणाले, "बघायचे." आणि तो गेंद त्यांनी तांब्यात ठेवून तानपुऱ्याशेजारी नेऊन ठेवला.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणत असू. होळकर दरबारच्या गवयांतले ते अगदी शेवटच्या खेपेचे. 1948 साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले तेव्हा ते अवघे एकवीस वर्षांचे होते. आजोबांच्या मागे तानपुरा धरून बसणे, एवढीच त्यांची दरबारची चाकरी. पण ती दोन-तीन वर्षे त्यांनी पुढे साठ वर्षे पुरवली. दसऱ्याला पेटीतला फेटा काढून, झटकून, पुन्हा पेटीत ठेवणारा माणूस तो. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. माझा थोरला भाऊ माझ्याहून अठरा वर्षांनी मोठा. 1985 साली तो हार्मोनियम घेऊन मुंबईला गेला आणि वाद्यवृंदांतून, नाटकांतून वाजवू लागला. अप्पांच्या गाण्यात साथीला सारंगीच चालत असे. पेटीला घरात प्रवेश नव्हता. दादा दिवाळीला येई, तो पेटी मुंबईत ठेवून येई. त्याचे वाजवणे अप्पांनी एकदाही ऐकले नाही.

आत्याच्या चार काड्यांपैकी दोन जगल्या. एक घराच्या जोत्यालगत जमिनीत लावली. दुसरी पारिजातकाखाली, पालापाचोळ्याने भरलेल्या मोठ्या खापरी कुंडीत. पहिले वर्ष नुसत्या पानांत गेले. 1993 च्या फाल्गुनात जोत्याजवळच्या झुडपावर गेंद धरले. अप्पा रोज सकाळी रियाजापूर्वी त्यांच्यापुढे उभे राहत. पोपटी कळ्या पांढुरक्या झाल्या, मग त्यांच्या कडांवर रंग चढू लागला. आणि तो रंग निघाला गुलाबी! साधासुधा नव्हे, जत्रेतल्या साखरेच्या चित्रासारखा. कुंडीतल्या झाडावर आठ दिवसांनी फूल आले, ते ना गुलाबी ना निळे, जांभुळसर.

अप्पांनी आत्याला पत्र घातले. आत्याचे उत्तर आले, "गणपतीची शपथ, काड्या मी माझ्या हाताने निळ्याच झाडाच्या घेतल्या." ते वाचून अप्पांनी कार्ड घडी करून खिशात ठेवले आणि म्हणाले, "मूळची जागा सोडली, की रंग राहत नाही." बोलणे झाडाविषयीच होते, पण माजघरात आई हातातले काम टाकून उभी राहिली. मी तेरा वर्षांचा होतो. तरी ते वाक्य कोणासाठी होते, हे मलाही कळले.

पुढची गोष्ट तर आणखी चमत्कारिक. दसरा झाला, की अप्पा गुलाबांची छाटणी करीत. कात्री हातात होतीच; हैदरजींचीही त्यांनी तशीच वीतभर उंचीवर छाटणी केली. पुढल्या फाल्गुनात पाने हिरवीगार, पण फूल एकही नाही. पुन्हा दसरा, पुन्हा कात्री, पुन्हा तेच. तीन वर्षे असे झाल्यावर "रुसले आहे ते" असे म्हणून त्यांनी त्याचा नाद सोडला. पाणी घालण्याचे काम माझ्याकडे आले. मी आळशी असल्यामुळे कात्री कधी लावली नाही, आणि माझ्या हाताखाली ते पुन्हा फुलू लागले. याचे श्रेय मी बरीच वर्षे माझ्या हातगुणाला दिले.

2009 साली अप्पा गेले. त्यानंतर तीन वर्षांनी, माझ्याकडे गाणे शिकणाऱ्या एका मुलीचे वडील तिला न्यायला आले असता अंगणात थांबले. गृहस्थ माती तपासण्याच्या कामातले होते. एकाच घरात, एकाच झाडाच्या दोन काड्यांना दोन रंग कसे, हे मी त्यांना गंमत म्हणून सांगितले. ते हसले नाहीत. दोन्ही ठिकाणची मूठ-मूठ माती पुडीत बांधून घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात त्यांनी कागद आणून दिला. जोत्याजवळच्या मातीचा सामू 8.1, कुंडीतल्या मातीचा 6.2. "हेच तुमचे उत्तर," ते म्हणाले.

सामू म्हणजे माती आंबट की खारी, हे सांगणारा आकडा. सात हा मध्य. त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. आमच्या माळव्याची काळी माती काळ्या पाषाणाची, पोटात चुनखडीचे खडे बाळगणारी. तिचा सामू बहुधा सातच्या वरच असावयाचा. त्यात आमचे ते झुडूप जोत्यालगत. दर दिवाळीला जोत्याला चुन्याचा हात फिरे आणि पुढच्या पावसात तो चुना धुऊन झाडाच्या मुळाशी जाई. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास उंचीवरचे. तिथली माती जांभ्या दगडाची, आणि धो धो पावसाने तिच्यातला चुना केव्हाच वाहून नेलेला. ती माती आम्ल. फरक झाला तो एवढाच.

पण माती आंबट झाल्याने फूल निळे का व्हावे? खरी मौज पुढेच आहे. प्रत्येक मातीत ॲल्युमिनियम असते. आम्ल मातीत ते पाण्यात विरघळून मुळांवाटे झाडात शिरते. चुनखडीच्या मातीत ते मातीतच अडकून राहते. फुलात पोहोचलेले ॲल्युमिनियम तिथल्या रंगद्रव्याशी जोडले गेले, की फूल निळे दिसते. ते पोहोचले नाही, की गुलाबी. सामू साडेपाचच्या खाली असला तर निळा, साडेसहाच्या वर गेला तर गुलाबी, आणि मधल्या प्रदेशात जांभळ्याच्या नाना छटा. ध्यानात घ्यावयाचे ते हे, की रंगद्रव्य दोन्हीकडे तेच. गुलाबी फुलात एक द्रव्य आणि निळ्यात दुसरे, असे नाही. जात बदललेली नसते, बीज बदललेले नसते. मातीने काय हाती दिले, एवढाच प्रश्न असतो.

तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ अंगणात उभा होतो. ज्या वाक्याने आमच्या घरात वीस वर्षे एक कोपरा बंद राहिला, त्याचे उत्तर आठ पूर्णांक एक इतके लहान होते; आणि ते यायला तीन वर्षे उशीर झाला होता.

त्यानंतर मला या झाडाचा ध्यासच लागला. हाती येईल ते वाचले. त्याचा इतिहासही आमच्या घरच्या गोष्टीहून फारसा निराळा नाही. हे झाड मूळ जपानच्या समुद्रकाठचे. तिकडे त्याला अजिसाई म्हणतात, आणि तिथल्या जून-जुलैच्या पावसाळ्याचे ते फूल मानले जाते. आपल्याकडे मृगाचा आणि मोराचा संबंध, तसा. जपानची माती ज्वालामुखीची, पाऊस भरपूर, म्हणून तिथे ते बहुतेक निळेच फुलते. 1789 च्या सुमारास सर जोसेफ बँक्स यांच्या खटपटीने चीनमधून एक रोप लंडनजवळच्या क्यू बागेत पोहोचले. पुढे युरोपातल्या बागांत, जिथे माती चुनखडीची, तिथे लोकांना ही फुले गुलाबी दिसू लागली. म्हणजे आमच्या जोत्यालगत जे घडले, ते दोनशे वर्षांपूर्वी अर्ध्या युरोपात घडून गेले होते.

आणखी एक हकिगत सांगितल्यावाचून राहवत नाही. नागासाकीच्या डच वखारीत झीबोल्ड नावाचा जर्मन डॉक्टर होता. ताकी नावाच्या जपानी स्त्रीबरोबर त्याचा संसार झाला. 1827 साली त्यांना मुलगी झाली. 1829 साली जपान सरकारने त्याला देशाबाहेर घालवले. मायलेकी मागे राहिल्या. युरोपात परतल्यावर जपानच्या वनस्पतींवर त्याने मोठा ग्रंथ केला, आणि त्यात या झाडाच्या एका प्रकाराला नाव दिले 'ओताक्सा'. म्हणजे 'ओ-ताकी-सान', ताकीबाई. तीस वर्षांनी, 1859 साली, तो पुन्हा जपानात गेला. ती मुलगी, कुसुमोतो इने, पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या जपानमधील अगदी पहिल्या स्त्रियांपैकी एक झाली. नागासाकी शहराचे फूल आज हेच आहे. वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुढे 'ओताक्सा' ही वेगळी जात नव्हे असे ठरवले. नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले. आमच्या हैदरजींसारखेच.

आता ज्यांना हे झाड आपल्या घरी लावायचे आहे, त्यांच्यासाठी माझा अनुभव सांगतो. मी माळी नव्हे, गाण्याचा मास्तर आहे. परंतु चुका मीच केल्या असल्यामुळे त्या सांगण्याचा अधिकार माझा.

पहिली गोष्ट जागेची. सकाळचे कोवळे ऊन दोन-तीन तास आणि दुपारी दाट सावली, अशी जागा हवी. पूर्वेकडची ओसरी किंवा मोठ्या झाडाची पूर्व बाजू उत्तम. माळव्याच्या रात्री गार असतात, हे आपले भाग्य; पण वैशाखातली दुपार याला सोसत नाही. बाराच्या सुमारास पाने माना टाकतात. नवशिका माणूस घाबरून बादली ओततो. तसे करू नये. आधी मातीत दोन पेरे बोट घालून पाहावे. आत ओल असेल तर संध्याकाळपर्यंत थांबावे; झाड आपोआप ताठ होते. माती कोरडी असेल तरच पाणी द्यावे. याच्या नावात ग्रीक भाषेतला 'पाण्याचा घडा' असा अर्थ आहे खरा. पण तो बीजकोशाच्या घड्यासारख्या आकारावरून आला आहे. घागरभर पाण्यात उभे करण्याची ती आज्ञा नव्हे.

दुसरी गोष्ट मातीची. आपल्या काळ्या मातीत पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून मी कुंडीच पसंत करतो; निदान चौदा-पंधरा इंच तोंडाची. दोन भाग पालापाचोळ्याचे जुने खत, एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा, एक भाग चाळलेली माती आणि मूठभर जाड वाळू. तळाला भोके मोकळी हवीत. खताच्या बाबतीत तर इंदूरकरांनी दुसऱ्याच्या दारी जायचे कारणच नाही. पालापाचोळा, शेण आणि काडीकचरा यांचे थर देऊन, ते उलटेपालटे करून खत बनवण्याची जी पद्धत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते, ती अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इथल्याच वनस्पतिसंस्थेत, होळकर दरबारने दिलेल्या जमिनीवर सिद्ध केली. फक्त एक ध्यानात ठेवावे: हॉवर्डसाहेबांच्या ढिगात लाकडाची राख पडे, आणि राख अल्क असते. निळे फूल हवे असेल तर आपल्या ढिगात राख घालू नये. गुलाबी हवे असेल तर खुशाल घालावी.

तिसरी गोष्ट रंगाची. पांढऱ्या जातीचे फूल कशानेही निळे होत नाही. फ्रान्समध्ये 1909 साली तयार झालेली 'मादाम एमिल मुलिएर' ही प्रसिद्ध पांढरी जात आहे, तिच्यापुढे सगळे उपाय व्यर्थ. रंगीत जातीला निळे करायचे असेल, तर ज्या वस्तूची गरज आहे ती प्रत्येक न्हाव्याच्या पेटीत असते: तुरटी. तुरटीत ॲल्युमिनियम असते, आणि ती मातीला आंबटही करते. चहाचा एक चमचा तुरटीची पूड चार लिटर पाण्यात पुरती विरघळवावी, आणि आधी साध्या पाण्याने ओल्या केलेल्या मातीत ते पाणी द्यावे. पंधरा दिवसांतून एकदा, कार्तिकापासून कळ्या दिसेपर्यंत. लोभाने जास्त घातली तर मुळे जळतात. मी एक रोप याच पायी गमावले आहे. उमललेल्या गेंदावर तुरटी ओतून रंग बदलत नाही. तयारी कळी धरण्याच्या आधीपासून हवी. मातीत गंजके खिळे पुरण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. खिळ्यांत लोखंड असते, ॲल्युमिनियम नव्हे, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. हाडांचे खत आणि सुपर फॉस्फेटही टाळावे. त्यांतला स्फुरद ॲल्युमिनियमला मातीतच धरून ठेवतो. नळाला 1978 पासून येणारे नर्मदेचे पाणी आपल्याला अमृत आहे, पण चुन्याचा अंश त्यातही असतो, विंधण विहिरीच्या पाण्यात तर अधिकच. पागोळ्यांचे पाणी पिंपात साठवून या झाडासाठी राखावे. आणि कुंडी चुना दिलेल्या भिंतीपासून दूर ठेवावी, हे आता निराळे सांगायला नको.

चौथी गोष्ट छाटणीची, आणि सगळ्यांत मोठी चूक इथेच होते. जुन्या जातीची हायड्रेंजिया पुढल्या वर्षाची फुले आदल्या वर्षीच्या फांदीवर, पावसाळा सरताना आणि रात्री थंडावू लागताना, टोकाच्या डोळ्यात तयार करून ठेवते. बाहेरून काही दिसत नाही. आत गेंद बसलेला असतो. अप्पांची दसऱ्याची कात्री नेमकी त्याच्यावर चालत होती. झाड रुसलेले नव्हते. दरवर्षी ते फुले घेऊन तयार होत होते आणि दरवर्षी आम्ही ती कचऱ्यात टाकीत होतो. अशा झाडाला छाटायचेच असेल तर फुले ओसरताच, मृगाच्या आत छाटावे; नंतर नाही.

या अडचणीवर तोड म्हणून आता दुबार फुलणाऱ्या जाती निघाल्या आहेत. 1998 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा प्रांतात, जिथल्या हिवाळ्यात जुन्या फांद्यांवरचे डोळे गारठून मरतात, एका रोपवाटिकेत मायकेल डर या उद्यानशास्त्रज्ञाला एक झुडूप सप्टेंबरातही फुललेले दिसले. ते जुन्या फांदीवर तर फुलतच होते, पण त्याच वर्षी फुटलेल्या नव्या फांदीवरही फुलत होते. 2004 साली ते 'एंडलेस समर' या नावाने बाजारात आले. तेव्हापासून अशा अनेक जाती झाल्या. आपल्या बागाइतदाराला हे चटकन समजेल. डाळिंबाला, संत्र्याला आपण आंबे बहर घ्यायचा की मृग बहर, हे ठरवतो; पाणी तोडून झाडाला ताण देतो आणि एक बहर धरतो. हे झाड दोन्ही बहर देते. फक्त याला ताण चालत नाही. पाणी तुटले की दुसरा बहर गेलाच म्हणून समजावे.

दुसरा बहर घेण्याची रीत अशी. फाल्गुन-चैत्राचे गेंद फिके पडू लागले, की त्यांच्याखालच्या पहिल्या टपोऱ्या डोळ्यांच्या जोडीवर कापावे. त्याहून खाली जाऊ नये. मूठभर खत द्यावे, बुडाशी वाळक्या पानांचे आच्छादन करावे आणि उन्हाळाभर सावलीत सांभाळावे. मृगाचा पाऊस पडला, की नवे फुटवे येतात. श्रावणात त्यांच्या टोकाला कळ्या दिसतात आणि भाद्रपदात फूल. श्रावण संपल्यानंतर कात्री लावू नये. भाद्रपदातले गेंद झाडावरच वाळू द्यावेत. तेही दिसतात छान.

रोप वाढवायचे असेल तर पावसाळ्यात, फूल न आलेल्या फांदीचा चार-पाच इंच तुकडा घ्यावा. खालची पाने काढावीत, वरची अर्धी कापावीत आणि ओल्या वाळूत सावलीला लावावा. तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात. गाई-शेळ्यांना मात्र याची पाने खाऊ देऊ नयेत. ती विषारी असतात.

असे दुबार फुलणारे झाड आमच्याकडे आणले ते दादाने. 2017 च्या हिवाळ्यात पुण्याहून येताना त्याने एक कुंडी मांडीवर धरून आणली. "हैदरजींना सोबत," एवढेच म्हणाला. मातीच्या कागदाची गोष्ट मी त्याला तोवर सांगितली नव्हती. फोनवर सांगण्यासारखी ती नव्हती, आणि समोर आल्यावर सुरुवात कोठून करावी हे सुचत नसे. कुंडी पारिजातकाखाली ठेवली. पहिला बहर जांभळट आला. मी तुरटी चालू ठेवली, पागोळ्यांचे पाणी राखले.

2018 च्या पितृपंधरवड्यात अप्पांच्या तिथीला दादा आला. पाने वाढून झाली, ब्राह्मण जेवून गेले, काकबळी ठेवण्यासाठी तो मागील अंगणात गेला आणि तिथेच थांबला. पारिजातकाखाली त्याच्या कुंडीत निळा गेंद होता. अगदी आत्याने आणला होता तसा. जोत्यालगत अप्पांच्या जुन्या झाडावर चैत्रातला एक गेंद राहून गेला होता, वाळून हिरवट-गुलाबी झालेला. दोहोंकडे पाहून त्याने विचारले, "हे दोन का?"

मी आत जाऊन कागद आणला. सगळे सांगितले, माती, चुना, ॲल्युमिनियम, दसऱ्याची कात्रीदेखील. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे रंग गेला नव्हता."

"नाही," मी म्हटले. "दोन्हींत तोच आहे."

त्याने मान हलवली. अप्पांविषयी तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही. त्यांना दोष द्यावा असे आम्हां दोघांच्याही मनात नव्हते. त्यांच्या हाती हा कागद नव्हता. आणि खरे सांगायचे तर, संस्थान गेल्यावर त्यांच्या स्वतःच्या मुळांखालची मातीही बदललेलीच होती. त्यांनी तिच्यात साठ वर्षे काढली आणि गळा सोडला नाही. आपला स्वतःचा रंग त्यांना कोणता दिसत असेल, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

संध्याकाळी माझा वर्ग असतो. मुले जमली, तेव्हा दादाने माझी शिकवणीची पेटी आपल्यापुढे ओढून घेतली. या घरात त्याने पेटी वाजवलेली मी प्रथमच ऐकली. काय वाजवले ते लिहीत नाही. ते अप्पांना आवडले असते की नाही, हे सांगण्याचे धाडसही माझ्यात नाही. एवढेच सांगतो, की दरवाजा उघडा होता आणि आई माजघरातून उठून ओसरीवर येऊन बसली.

जोत्याला मी आता चुना देत नाही. पण जुन्या झाडाला तुरटीही घालत नाही. ते गुलाबीच राहू दे असे आईचे म्हणणे आहे. "ते या घरचे झाले आहे," ती म्हणते.

वाचकांपैकी कोणाच्या अंगणात असे एखादे झाड वर्षानुवर्षे नुसती पाने देत उभे असेल, तर त्याला उपटण्याची घाई करू नये. यंदा दसऱ्याला गुलाब अवश्य छाटावेत. आणि तेवढे झाल्यावर कात्री पुसून कपाटात ठेवून द्यावी.